भरतीच्या वेळी मोजा

अन्याय झाला तो कमळीबायवर. झाला तो नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी. जागा, धरमतरच्या खाडीला लागून असलेल्या एका गावाचा, खारं पाणी शेताबाहेर अडवणारा खारबांध. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण कमळीबायला अजून त्याच गावात राहायचंय.

त्या दुपारी बांधावरची पाळी तिची होती. खाडीकाठच्या गावांत ही जुनी रीत आहे. उधाणाच्या दिवसांत भरती चढायला लागली की दर घरचं एक माणूस आळीपाळीने बांधावर बसतं आणि पाणी कुठून आत शिरतंय का ते बघतं. पूर्वी पाळीवाल्याच्या हातात तेलाचा रिकामा डबा असायचा. बांध झिरपताना दिसला की डबा बडवायचा, शेतातल्यांनी तो ऐकून आरोळी द्यायची आणि गावाने घमेली-फावडी घेऊन धावायचं. मग मोबाईल आले आणि गावकीने ठराव करून डबा बंद केला. हवाय कशाला डबा? पाणी सोडायचं जे दार असतं, त्या उघाडीच्या भिंतीवर एका मोबाईल कंपनीने हातभर अक्षरांत रंगवून ठेवलं होतं: ‘खाडी असो की डोंगर, एक दांडीही कमी नाही!’

कमळीबायला खेकड्याच्या बिळातून पाण्याची धार येताना दिसली. तिने गावकीच्या अध्यक्षाला फोन लावला. लागला नाही. परत लावला. चौदा वेळा लावला. मग फोन कमरेला खोचून धावत सुटली. ती गावात पोचून माणसं घेऊन परत येईपर्यंत त्या बिळाची खांड झाली होती, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी, आणि लावणी झालेल्या भातात खारं पाणी उभं होतं. खारं पाणी शिरलेलं शेत पुढची दोन-तीन वर्षं धड पिकत नाही.

संध्याकाळी गावकीचे चार पुढारी उघाडीवर गेले आणि त्यांनी आपापले फोन वर धरले. सिग्नलच्या दांड्या भरलेल्या! झाला निकाल. ‘बाय झोपली नि आता फोनवर ढकलतेय,’ म्हणून देवळातल्या सभेत तिची पाळी काढून घेतली, कायमची. हे ज्यांना किरकोळ वाटतं त्यांनी खाडीकाठच्या गावात चार दिवस राहून बघावं. ज्या घराला पाळी नाही त्या घराच्या शब्दाला किंमत नाही. मिठागरावर बायका तिच्या बाजूला टोपली लावेनात.

तिचा शब्द खरा होता, हे ज्यांनी सिद्ध केलं त्या माणसाबद्दल मला लिहायचंय. ते या माघात गेले. शोकसभा आम्ही घेतली नाही, कारण भाषण सुरू झालं की ते उठून जायचे. स्वतःच्या शोकसभेतूनही गेले असते.

आमची ग्राहक चळवळ पेणमध्ये ज्या पडवीत चालते ती पडवी त्यांची. सगळे त्यांना तांडेल म्हणायचे. आयुष्यभर त्यांनी धरमतरच्या जेटीवर मालाचे बार्ज चालवले, डोलवीच्या कारखान्याला कच्चा माल पोचवला, आणि निवृत्त झाल्यावर गळ्यात तीन फोन अडकवले. तीन कंपन्यांचे तीन. बायकोने जुन्या परकराची तीन कप्प्यांची पिशवी शिवून दिली होती, ती छातीवर लटकायची. कंपन्यांची नावं ते घेत नसत. जाहिरातीतल्या माणसावरून त्यांनी बारसं केलं होतं: हसरी, पळणारा आणि आजोबा. हसरीच्या जाहिरातीत एक मुलगी विनाकारण हसते, पळणाऱ्याच्या जाहिरातीत एक तरुण डोंगर चढताना फोनवर बोलतो, आणि तिसऱ्यात एक आजोबा नातवाशी व्हिडिओवर बुद्धिबळ खेळतात. सकाळी मी पडवीचं दार उघडलं की ओट्यावरून खबर यायची, “आज आजोबा झोपलाय. हसरीची एक दांडी. पळणारा लंगडतोय.”

किती वाजले विचारलं तर ते कधीच वेळ सांगत नसत. “भरती सुटायला अर्धा तास हाय,” म्हणत. खिशात पंचांग. तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, हा त्यांचा हिशोब. अष्टमी असली तर आठाचे पाऊणपट सहा, सहा वाजता भरती पूर्ण. माझ्या पहिल्या पत्रकाच्या छपाईची वेळही त्यांनी मला अशीच सांगितली होती आणि मी तासभर उशिरा पोचले होते.

एसटीत त्यांच्यासोबत बसणं म्हणजे शिक्षा. पेण सोडलं की हायवेला जाहिरातींचे फलक लागतात. प्रत्येक फलक ते उभं राहून मोठ्याने वाचायचे, “ ‘शेवटच्या घरापर्यंत वेगवान!’ हात वर करा, कोनाच्या फोनला हाय वेगवान?” गाडीतले चार हात वर जायचे. “नाय कोनाला?” मग वीस जायचे. कंडक्टर कावायचा, “तांडेल, बसा हो खाली, मतदान घेताय काय?” तर हे म्हणायचे, “व्हय. ते निवडून आल्यासारखं बोलतात ना? मंग मतं नको मोजायला?” आणि ते आकडे गुडघ्यावरच्या चौकटीच्या वहीत जायचे. गाडीच्या धक्क्याने अक्षर वाकडं आलं तर बाजूला लिहून ठेवायचे, ‘खड्डा’.

माझं आणि त्यांचं भांडण पहिल्या दिवसापासूनचं. मी पत्रकं लिहिते. माझ्या पत्रकात कंपन्या लुटारू असायच्या, सरकार झोपलेलं असायचं आणि दर वाक्याला उद्गारचिन्ह. ते पेन्सिल घेऊन बसायचे आणि एकेक शब्द खोडायचे.

“लुटारू कशाला लिवलंस?”

“मग काय, संत लिहू?”

“ ‘बुधवारी सकाली बाजारपेठेत पळणाऱ्याची एकच दांडी’ असं लिव. लुटारू म्हनलंस तर तो हसंल. दांडी म्हनलंस तर घाम फुटंल त्याला. माप दाव गो, शिव्या द्यायला गाव बसलाय.”

मला राग यायचा. अजूनही येतो, कारण हे लिहिताना चार ठिकाणी मी लुटारू लिहिला आणि चारही ठिकाणी खोडला.

तर कमळीबाय पडवीत आली. तिच्या भावाने आणली होती, पण बोलली तीच. गावकीने काय केलं ते सांगितलं आणि म्हणाली, “मना कोनी इचारलंच नाय. फोन दाव म्हनून पन नाय.”

ऐका नीट! गावाचं भात गेलं, देवळात सभा बसली, बाईला खोटं ठरवलं, आणि त्या सभेत एकाही पुरुषाने तिचा फोन हातात घेऊन बघितला नव्हता. तांडेलांनी हात पुढे केला. “दाव गो.” साधा बटणांचा फोन, पळणाऱ्याच्या कंपनीचा, म्हणजे उघाडीची भिंत रंगवणाऱ्यांचाच. त्यात चौदा नोंदी. पहिली बारा चाळीसची, शेवटची बारा एकावन्नची. सगळ्या अध्यक्षाच्या नंबरावर.

मी तिथल्या तिथे उडी मारली. “झालं! हाच पुरावा! चला गावात!”

“बस खाली,” तांडेल म्हणाले. “ते म्हनतील हिला लावताच येत नाय.”

आणि तेच म्हणाले. मी ऐकलं नाही, दुसऱ्या दिवशी तो फोन घेऊन गावात गेले, तर अध्यक्ष म्हणाला, “ताई, बटन दाबलं म्हंजे फोन लागला असं थोडंच हाय? आमी सोता संध्याकाली उघाडीवर उभं ऱ्हायलो. फुल दांड्या. वाचा ना भिंतीवर काय लिवलंय.”

परत आले तेव्हा तांडेल ओट्यावर नव्हते. आत जमिनीवर बसले होते आणि भोवती त्यांच्या चौकटीच्या वह्या पसरल्या होत्या, दोन वर्षांच्या. त्यांची एक जुनी खंत होती. त्याच उघाडीवर ते कितीदा जाऊन दांड्या मोजून आले होते आणि त्या नोंदींना काही शेंडाबुडखा नव्हता. दुपारी बारा, एक दांडी. दुपारी बारा, चार दांड्या. सकाळी सात, काही नाही. सकाळी सात, भरलेल्या. ‘नेटवर्कची लहर,’ म्हणून त्यांनी तो नाद सोडला होता.

“फोनवर किती वाजलेले गो? बारा चाळीस ना?” त्यांनी पंचांग उघडलं. “वद्य प्रतिपदा. भरती पावणेएकला.” मग एक वही ओढली, बोट ठेवलं. “ही एक दांडीवाली. तिथी बग.” मी बघितली. अमावास्येची. दुसरी वही. “चार दांड्यावाली?” नवमी, म्हणजे बाराला खाडी उतरत चाललेली. तिसरी. चौथी. मी तिथी वाचायची, ते पाऊणपट करून भरती सांगायचे, आणि दांडी दर वेळी त्या पाण्याप्रमाणे पडत होती. पाणी चढलं की दांडी उतरलेली. पाणी उतरलं की दांडी वर. एकही नोंद फितूर होईना!

मी ओरडले, पडवीत नाचले, खरंच नाचले. आणि तांडेलांनी कपाळावर हात मारून घेतला.

“आख्खा जल्म पाण्यावर कारला,” ते म्हणाले, “नि मोजायला बसलो घड्यालावर! कंपनीच्या तक्रारीच्या कागदात वेलेचा रकाना व्हता ना, म्हनून. मी तांडेल, आनि मना तिथी लिवायची अक्कल नाय?”

त्यांच्या बायकोने आतून विचारलं, “आता काय झालं?”

“काय नाय. दोन वर्सं गाढव व्हतो, ते आज कललं.”

“मना पयल्यापासनं ठावं व्हतं,” ती म्हणाली.

याच सुमारास पळणाऱ्याच्या कंपनीने रोह्याला ग्राहक मेळावा ठेवला. आम्ही तिघं रेल्वेच्या गाडीने निघालो, तांडेल, कमळीबाय आणि मी. तांडेलांची आणखी एक खोड मला माहीत असूनही मी गाफील राहिले. गाडी वाटेत निडी स्टेशनला थांबली की ते फलाटावर उतरून माप घ्यायचे आणि सुटता सुटता परत चढायचे. त्या दिवशी ते फलाटाच्या टोकापर्यंत गेले, कारण हसरी टोकाला एक दांडी जास्त दाखवत होती. गाडी सुटली. खिडकीतून मी बघतेय तर हे पाठमोरे, फोन आकाशाकडे धरून.

“गेले ना!” मी म्हटलं.

“येतील,” कमळीबाय म्हणाली. “तांडेल पानी बगूनच येतो.”

मी फोन लावला. तिन्ही नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. निडीला!

सभागृहात कंपनीच्या साहेबांनी पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा लावला होता. सगळा हिरवा. पेण हिरवं, रोहा हिरवं, धरमतरची खाडी तर पालकासारखी हिरवी. मी उठले आणि बोलायला लागले. खोटारडी जाहिरात, भात बुडालं, बाईची बदनामी, लाज वाटत नाही का, सगळं एका दमात. साहेब मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, “ताईंच्या भावना आम्ही समजू शकतो. पुढचा प्रश्न?” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यासाठी! मी उभी, हातात घामाने भिजलेलं पत्रक.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. धुळीने पांढरे झालेले तांडेल. निडीहून कुणाच्या तरी वीट भरलेल्या टेम्पोत बसून आले होते. सरळ पुढे आले, नकाशाजवळ गेले आणि खाडीवर बोट ठेवलं.

“साहेब, हितं तुमची मोजनी झालेली का?”

“अर्थात. आमची चाचणीची गाडी प्रत्येक रस्त्यावरून फिरलीये, आजोबा.”

“कुठल्या तिथीला?”

सभागृह हसलं. साहेबही हसले. “आम्ही पंचांग बघून टॉवर तपासत नाही.”

“माज्याकरं हाय, मी बगीन. पन पंचांगाचं काम पन नाय. त्या बांधावर गाडी न्यायला वाट एकच, नि ती भरतीला गुडगाभर पाण्याखाली जाते. तुमची गाडी आली, म्हंजे तवा ओहोटी व्हती. कधी पन आली असंल, ओहोटीच व्हती. साहेब, तुमी ओहोटीचा नकाशा कारलाय. नि भिंत रंगवलीय भरतीच्या गावाची.”

हशा थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, बरोबर हाय की!” मग एकदम सगळे बोलायला लागले. कुणाच्या कुंडलिका नदीकाठच्या वाडीत असंच होतं, कुणाचा फोन उधाणाला मुका होतो. साहेब पाणी प्यायले.

“पण पाण्याचा आणि नेटवर्कचा संबंध काय?”

“मना ठावं नाय. तुमी इंजिनेर. या नि सांगा. पुरच्या पुनवेनंतरची प्रतिपदा.”

“तेव्हा पितृपक्ष लागतो.”

“तो कावल्यांना, साहेब. टॉवरला नाय.”

साहेब आले नाहीत. त्यांनी मोजणीचा एक इंजिनिअर पाठवला, पॉलिशचे बूट घातलेला. त्याला आम्ही सकाळी ओहोटीलाच बांधावर नेलं, म्हणजे परतीची वाट उरणार नाही. उघाडीशी होडी बांधून ठेवली होती. निम्मा गाव मजा बघायला जमला होता. अध्यक्ष खुर्ची घेऊन आला होता! कमळीबाय जिथे त्या दिवशी उभी होती तिथेच उभी राहिली, तोच फोन हातात. बाजूला कुणी उभं राहिलं नव्हतं.

आठ वाजता दांड्या भरलेल्या. “बगा,” अध्यक्ष म्हणाला. साडेनऊला भरलेल्या. चुकलो तर या बाईला परत कधीच तोंड वर काढता येणार नव्हतं, आणि तिला इथे उभं करणारे आम्हीच. अकराला वाट पाण्याखाली गेली, इंजिनिअरचे बूट हातात आले. साडेअकराला एक दांडी पडली. बाराला दुसरी. इंजिनिअर आपल्या यंत्राकडे बघत होता, मग पलीकडच्या काठावरच्या टॉवरकडे, मग पाण्याकडे. बारा वीसला तो स्वतःशीच म्हणाला, “अरे!”

बारा चाळीसला तांडेल म्हणाले, “लाव गो.”

तिने लावला. अध्यक्षाचा फोन पाच पावलांवर, त्याच्याच हातात. वाजला नाही.

“परत लाव.”

नाही. ती लावत राहिली आणि तांडेल मोठ्याने मोजत राहिले. सहाच्या पुढे गावातल्या बायकाही मोजायला लागल्या. नऊ! दहा! अध्यक्ष फोनकडे असा बघत होता जसा तो विंचू आहे. चौदा म्हणताना अख्खा बांध ओरडला, आणि फोन मुकाच.

इंजिनिअरने समजावलं. टॉवर पलीकडच्या काठावर. त्याची लहर सरळही येते आणि पाण्यावर आपटूनही येते. पाणी चढलं की आपटण्याची जागा सरकते, आणि दोन लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. “हे पुस्तकात आहे,” तो म्हणाला. “पण आमच्या गाड्या पाण्यात जात नाहीत.” भला माणूस होता. अहवालावर त्याने तिथी लिहिली.

अध्यक्षाला माफी मागणं जमेना. तो म्हणाला, “मंग ह्या आदी का नाय सांगितलंस?”

“चौदा येला सांगतच व्हते,” कमळीबाय म्हणाली, “तुज्या फोनला.”

बायका अशा हसल्या की खुर्ची घडी करून तो उभाच राहिला. पाळी त्याच आठवड्यात तिच्या घराला परत मिळाली.

आता कंपनीचं ऐका. महिन्याभराने उघाडीच्या भिंतीवर रंगारी आला. मला वाटलं, वाक्य पुसणार. त्याने ‘कमी नाही’च्या डोक्यावर एक चांदणी काढली, आणि खाली, जिथे शेवाळ चढतं तिथे, नखाएवढ्या अक्षरांत लिहिलं, ‘अटी लागू’. ती ओळ भरतीला पाण्याखाली जाते! मी संतापले होते. तांडेल मात्र गुडघ्यावर बसून हसत हसत वहीत त्या ओळीची उंची लिहीत होते, पट्टी लावून.

नकाशा आजही हिरवा आहे. तुम्ही आत्ता बघितलात तरी हिरवाच दिसेल. त्या एका उघाडीचा अहवाल झाला, कारण एक माणूस हट्टाला पेटला. धरमतरपासून रोह्याखालच्या खाडीपर्यंत बाकीच्या बांधांवर भरतीच्या वेळी कुणीही मोजलेलं नाही, आणि तिथेही उधाणाला कुणाची ना कुणाची पाळी आहेच.

म्हणून तुम्हाला सांगतेय, वाचणाऱ्या तुम्हालाच. येत्या पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला भरतीच्या दोन तास आधी आपल्या बांधावर जा. दर अर्ध्या तासाने दांड्या मोजा, फोन लावून बघा, कंपनी लिहा, तिथी लिहा, खाली सही करा आणि कागद पेणला आमच्या पडवीत आणून द्या. आणि तुमच्या गावात एखादी बाई म्हणाली, ‘मी लावला, पण लागला नाय’, तर तिला खोटं म्हणण्याआधी त्याच जागी, त्याच पाण्याला, तिच्याच फोनवरून लावून बघा.